आईचा परिच्छेद

विद्यापीठाच्या मागच्या फाटकाबाहेर झेरॉक्सचं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या पत्र्याखाली घडीचं टेबल, टेबलावर जुना लॅपटॉप, आणि लॅपटॉपमागे चव्वेचाळीस वर्षांचा एक किरकोळ बांध्याचा माणूस. त्याला सगळे अर्जमास्तर म्हणतात. बोर्ड नाही, जाहिरात नाही, तरी निकाल लागले की टेबलासमोर रांग लागते. नापास व्हायला काय, कुणीही होतं. नापास का झालो हे चार शहाण्यांना पटेल असं लिहायला मात्र अक्कल लागते, आणि ती ऐनवेळी कुणाकडे नसते.

मास्तरांचं काम असं. कुणी मध्येच विषय सोडला, पण सोडतो म्हणून कळवायची मुदत उलटून गेली. कुणाचं नाव पटावरून कटलं, आता ते परत लावून हवंय. अशांनी विद्यापीठाच्या समितीकडे विनंतीचा अर्ज करायचा असतो. अर्जावर ‘कारण’ नावाची एक चौकट असते, जेमतेम तळहाताएवढी, आणि तिथे आली की पोरांची दातखीळ बसते. कोणी चार पुरवण्या जोडून रडगाणं गातं, कोणी ‘वैयक्तिक अडचण’ एवढंच लिहून मोकळं होतं. दोघांचेही अर्ज परत येतात, मग दोघंही मास्तरांकडे येतात.

मास्तर आधी सगळं ऐकून घ्यायचे. मध्ये हूं की चूं करायचे नाहीत. ऐकून झालं की एकच विचारायचे, याला कागद काय आहे? आजारपणाला डॉक्टरचा कागद, मरणाला दाखला, नोकरीला मालकाचं पत्र. प्रेमभंगाला समिती हिंग लावून विचारत नाही. एकदा एक मुलगी टेबलाशी हमसून हमसून रडली, तेव्हा मास्तरांनी तिला पाणी दिलं, रुमाल दिला आणि सांगितलं की बाळ, तुझं दुःख खरं आहे, पण त्याला शिक्का नाही. कागद नसेल तर ते लिहायचे नाहीत, आणि खोटं लिहा म्हणून कोणी आलं तर सरळ उठून चहाला जायचे. आता या माणसाने खोट्याचा एवढा तिटकारा का धरावा, ते पुढे कळेल.

त्यांचा सगळ्यात नावाजलेला मजकूर होता आईच्या आजारपणाचा. तीनच वाक्यं. ‘आईच्या उशाशी मी पुस्तक उघडून बसत असे. तिचा श्वास मोजता मोजता माझी ओळ सुटत असे, आणि ती सापडेपर्यंत तिला पाणी हवे असे. परीक्षा येऊन गेली, हे मला निकालावरून कळले.’ पोरं याला ‘आईचा परिच्छेद’ म्हणत. ज्याची आई खरोखर अंथरुणाला खिळली आहे त्यालाच तो मिळायचा, तोही डॉक्टरचा कागद उलटसुलट करून पाहिल्यावर. बावीस वर्षांत तो किती आयांच्या नावाने आत गेला, देव जाणे. एकदाही परत आला नव्हता. अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या बाईंना तो तोंडपाठ होता.

आणि हे अर्जमास्तर स्वतः पदवीधर नव्हते. टेबलाच्या आसपास हे सगळ्यांना माहीत होतं. झेरॉक्सवाला तर येता-जाता टोचायचा, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मास्तर हसण्यावारी न्यायचे.

गंमत अशी की दोन बसथांब्यांपलीकडे, ज्या इमारतीत ते राहायचे, तिथे सगळे त्यांना पदवीधर समजत. नुसते पदवीधर नाही, विद्यापीठातले साहेब. दाराला पाटी होती, पाटीवर नाव, आणि नावापुढे बी. ए. नाव एवढंसं आणि बी. ए. चांगलं ठसठशीत. म्हणजे टेबलावरच्या माणसांना घर ठाऊक नाही आणि घराजवळच्या माणसांना टेबल ठाऊक नाही, असा हा संसार, तोही एकट्याचा.

हे कसं झालं, ते सांगायला बावीस वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा ते मास्तर नव्हते, शेवटच्या वर्षाला शिकणारं एक पोरगं होतं, म्हणून तेवढ्यापुरतं आपण त्याला अरे-तुरे करू. बाप लहानपणीच गेलेला. आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करायची. डोळे गेले, पाठ गेली, पण पोराची फी एक दिवस उशिरा गेली नाही. तू तेवढी पदवी आण, मग मी सुई खाली ठेवते, असं ती म्हणायची. शेवटच्या परीक्षेचे दोन पेपर राहिले असताना एका सकाळी गॅसपाशी उभी होती ती तिथेच खाली बसली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पोरगा दवाखान्यात तिच्याजवळ बसून राहिला. इकडे दोन पेपर होऊन गेले. विद्यापीठाने गैरहजर म्हणजे नापास असं धरलं आणि नाव पटावरून काढून टाकलं.

नियम असा होता की परीक्षेनंतर तीस दिवसांत अर्ज केला आणि कारण पटलं, तर ते पेपर सोडले असं मानतात, नापासाचा डाग पुसतात आणि पुन्हा बसू देतात. पोराने दवाखान्याच्या बाकावर बसून अर्ज लिहिला. तीन वाक्यं, जी तुम्ही आत्ताच वाचलीत. तिसाव्या दिवशी तो द्यायला निघाला, तर आईला सणसणून ताप भरला. परिचारिका म्हणाली, आज हलू नकोस. तो हलला नाही. बत्तिसाव्या दिवशी खिडकीवर गेला, तेव्हाच्या कारकुनाने तारीख बघितली आणि अर्ज न वाचताच परत सरकवला.

तिथेच पायरीवर आणखी एक मुलगा डोकं धरून बसला होता. त्याचीही आई आजारी. त्याच्या शाखेची मुदत संपायला अजून चार दिवस होते, पण त्याला काय लिहावं ते सुचेना. आपल्या पोराने हातातला कागद त्याला देऊन टाकला. म्हणाला, नाव बदल फक्त. तो अर्ज मंजूर झाला. पंधरा दिवसांनी तो मुलगा आणखी दोघांना घेऊन दवाखान्यात हजर, दादा, यांचंही लिहून द्या. मास्तरांचा धंदा सुरू झाला तो असा.

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. अगदी बरोबर. नाव कटलेल्याला दरवर्षी फेरनोंदणी मागता येत होती, आणि आईच्या आजारपणाचे कागद तर गठ्ठाभर होते. पण खरी गोम पुढेच आहे.

तीन महिन्यांनी आईची वाचा परत आली, अडखळत, तुटक. पहिला शब्द काय काढावा बाईने? परीक्षा. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की हिच्या मनाला धक्का लागता कामा नये. पोराने तिचा हात हातात घेतला.

“पास झालो, आई,” तो म्हणाला.

ती अर्ध्या चेहऱ्याने हसली आणि दोन्ही डोळ्यांनी रडली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. याच्या कपाळी मात्र अभिनंदन आलं. आईने ते भेटायला आलेल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, काकूंनी इमारतीला सांगितलं. आई घरी आल्यावर काठी टेकत टेकत प्रत्येक दारात गेली आणि सगळ्यांचं तोंड गोड करून आली. पाटीसुद्धा तिनेच करून घेतली. रंगाऱ्याला म्हणे तीनदा परत पाठवला, अक्षर बारीक काढतोस म्हणून.

घर एका खोलीचं. परीक्षेला बसायचं तर पुस्तकं आणावी लागणार, वाचावी लागणार, आणि आईचा पलंग हाताच्या अंतरावर. पास झालास ना, मग हे काय, असं तिने विचारलं असतं तर काय सांगायचं? यंदा नको, पुढच्या वर्षी बघू, असं पोराने ठरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच ठरवलं. सकाळी दहाला डबा घेऊन निघायचा, विद्यापीठात नोकरी आहे असं सांगून. विद्यापीठात म्हणजे विद्यापीठाच्या भिंतीला टेकून, एवढाच काय तो फरक. आई कधीमधी विचारायची, पदवीचा कागद कुठाय रे? तो सांगायचा, ऑफिसात जमा असतो. तिला ते पटायचं. वीस वर्षं पटत गेलं.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं हो. मित्र घरी आणायची सोय नाही, न जाणो बोलता बोलता काय बोलून जाईल. इमारतीतलं कुणाचं पोर विद्यापीठात जायला लागलं की मास्तर तीन-चार वर्षं जीव मुठीत धरून टेबल लावायचे, रस्त्याकडे पाठ करून. एकदा लग्नाचं जुळत आलं होतं. दवाखान्यात रक्त तपासणारी, हसरी, बोलकी बाई. ती सहज म्हणाली, एकदा तुमच्या ऑफिसात येते, बघू तरी साहेब कुठे बसतात. त्या दिवसानंतर मास्तरांनी तिला भेटणंच सोडलं. तिने दोनदा निरोप पाठवला, मग तिनेही नाद सोडला.

दीड वर्षापूर्वी आई गेली, झोपेतच. तिसऱ्या दिवशी काकूंनी मास्तरांना जिन्यात गाठलं आणि डोळे पुसत सांगितलं की तुझी आई सुखाने गेली बघ. आदल्याच आठवड्यात म्हणत होती, माझं काही राहिलं नाही, पोरगं शिकलं. मास्तरांनी मान हलवली, वर जाऊन दार लावलं आणि पाठ टेकून तिथेच बसले. आई गेल्याचं रडू त्यांना तोवर आलं नव्हतं. आता आलं, पण ते आई गेल्याचं होतं की आणखी कशाचं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

तर अशा परिस्थितीत विद्यापीठाची नोटीस लागली. जुना अभ्यासक्रम कायमचा बंद होतोय. ज्यांची नावं कटली असतील त्यांना महिनाअखेरपर्यंत फेरनोंदणीसाठी शेवटची विनंती करता येईल. त्यानंतर जुनी दप्तरं मिटली, नाव-निशाण संपलं. झेरॉक्सवाल्याने नोटिशीची एक प्रत काढून मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि काही बोलला नाही. त्याच्यासारख्या तोंडाळ माणसाने काही न बोलणं म्हणजे फार झालं.

मास्तरांनी ठरवलं, अर्ज करायचा. दोन पेपर द्यायचे आणि आईचं बोलणं खरं करायचं. तिने इतक्या दारांत जाऊन सांगितलं, ती बाई खोटी ठरता कामा नये, मग ती असो नाहीतर नसो. आता दुसरी कसली हौस उरली नव्हती; उभ्या जन्मात एवढी एकच गोष्ट त्यांना करायची होती, आणि तिच्यासाठी हातात एकोणीस दिवस होते.

आणि हजारो अर्ज लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःचा अर्ज लिहिता येईना. चार दुपारी त्यांनी त्या चौकटीसमोर काढल्या. दुसऱ्याचं ऐकून लिहायची सवय, स्वतःचं ऐकणार कोण? दोन ओळी लिहायचे, पुसायचे. पाचव्या दिवशी थकून त्यांनी तोच मजकूर टाकला, आईचा परिच्छेद. शेवटी तो मुळात त्यांचाच होता, त्यांच्याच आईचा. त्यावर त्यांच्याइतका हक्क कुणाचा होता? डॉक्टरचे जुने, पिवळे पडलेले कागद जोडले आणि अर्ज खिडकीवर दिला. खिडकीवरच्या बाईंनी अर्जदाराचं नाव वाचलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पोचेवर शिक्का मारला.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता: ‘कारण साचेबद्ध. हाच मजकूर यापूर्वी अनेकदा प्राप्त. अर्जदाराने समक्ष हजर राहावे.’ बावीस वर्षांत जो परिच्छेद एकदाही परत आला नाही, तो ज्याच्या आईवर लिहिला त्याच्याच नावाने परत आला. झेरॉक्सवाला आधी पोट धरून हसला. म्हणाला, मास्तर, तुमच्यावर तुमचीच कॉपी केल्याचा आळ. मग मास्तरांचा चेहरा बघून त्याने चहा सांगितला.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर. मास्तरांचे अर्ज त्या जिन्याने हजारदा वर गेले होते, मास्तर स्वतः पहिल्यांदाच चढत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि उगाचच पेन खिशाला लावलं होतं. आत तिघं होती. मधोमध अध्यक्षबाई, इतिहास शिकवणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या. एका बाजूला फोनमध्ये डोकं घातलेले एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला टिपणं घेणारा सचिव. अध्यक्षबाईंनी अर्ज पुढ्यात ओढला, आणि त्याच्याकडे न बघता तिन्ही वाक्यं म्हणून दाखवली. म्हणाल्या, गेली अकरा वर्षं मी या समितीवर आहे, म्हणजे अकरा वर्षं तुम्हालाच वाचते आहे. चेहरा आज पाहिला.

मास्तर म्हणाले की यातला पहिला अर्ज माझाच होता, बाकीच्यांना तो नंतर गेला. तो मी वेळेत दिला नाही, एवढंच. बाईंनी डॉक्टरच्या कागदांवरच्या तारखा बोटाने दाबत वाचल्या आणि मान डोलावली.

“यावर माझा विश्वास आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे कारण सहा महिन्यांचं झालं. बाकीची वर्षं कुठे आहेत? फेरनोंदणीचा नियम तुम्हाला आमच्यापेक्षा पाठ. दरवर्षी येऊ शकत होतात.”

मास्तरांच्या तोंडून सवयीने ‘अपरिहार्य कौटुंबिक परिस्थितीमुळे’ असं काहीतरी निघालं. बाईंनी हात वर केला. असं नको, म्हणाल्या, अर्जात लिहिता तसं नको.

दाराबाहेर पुढचा अर्जदार खोकत होता. हे वाक्य मास्तरांनी जन्मात कुणापुढे उच्चारलं नव्हतं, झेरॉक्सवाल्यापुढेसुद्धा नाही.

“आईला सांगून बसलो होतो की पास झालो,” ते म्हणाले.

मग एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. दवाखाना, तो पहिला शब्द, काकू, दारोदार गेलेली आई, पुस्तक घरात आणायची चोरी, डबा, भिंतीला टेकलेली नोकरी. रक्त तपासणाऱ्या बाईचं सांगायचं नव्हतं, तेही सांगून गेले. फोनवाल्या गृहस्थांनी केव्हातरी फोन पालथा घातला होता. सचिवाचं टिपण पहिल्या ओळीवरच थांबलं होतं.

“ती होती तोवर मला पास होता येईना,” मास्तर शेवटी म्हणाले, “कारण घरात मी आधीच पास होतो.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. नियमात कुटुंबाच्या अडचणीचं एक कलम आहे, त्यात हे बसवायचा मी प्रयत्न करते, असं म्हणाल्या. पण फाईलला काहीतरी जोडायला हवं. आणि मग त्यांनी अगदी तोच प्रश्न विचारला, जो मास्तरांनी आजवर पोरांना शेकडो वेळा विचारला होता: याला कागद काय आहे?

मास्तरांना एवढ्यातही हसू आलं.

“कागद नाही,” ते म्हणाले. “पाटी आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, इमारत वामकुक्षी घेत असताना, मास्तरांनी दाराची पाटी उतरवली. वीस-बावीस वर्षांचे गंजलेले स्क्रू, एक निघता निघेना, बोटाची साल निघाली. जिन्यात काकूंनी हटकलंच, कुठे नेतोस रे? रंग उडालाय, मास्तर म्हणाले, आणि पिशवी छातीशी धरून उतरले. झेरॉक्सवाल्याने पाटी काचेवर पालथी ठेवली, वरून फडकं टाकलं. पहिली प्रत काळीकुट्ट आली. दुसरीत नाव धूसर, पण बी. ए. अगदी स्वच्छ. तो आज काही चेष्टा करेना, म्हणून मास्तरांनाच चुकल्यासारखं झालं. खिडकीवरच्या बाईंनी पाटी हातात घेऊन पाहिली, मागच्या बाजूने पाहिली, रंगाऱ्याने तिथे तारीख टाकली होती ती प्रतीवर उतरवून घेतली आणि ‘मूळ प्रत पाहिली’ असा शिक्का हाणला. विद्यापीठाच्या इतिहासात पाटीची अशी मूळ प्रत कोणी पाहिली नसेल. संध्याकाळी पाटी परत दाराला लागली.

महिनाअखेरीला तीन दिवस राहिले असताना परवानगीचं पत्र आलं. फेरनोंदणी मंजूर, दोन पेपर, संधी एकच.

मास्तरांनी पुस्तकं घरी आणली. आता लपवायचं कुणापासून? आईच्या रिकाम्या पलंगावर पसरून ते वाचायला लागले. तरी जिन्यात पाऊल वाजलं की हात आपोआप पुस्तक मिटायचा. पाऊल पुढे निघून जायचं, मग मास्तर पुस्तक उघडायचे आणि सुटलेली ओळ शोधत बसायचे. कधी कधी वाटायचं, कोणीतरी पाणी तरी मागावं.

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाने त्यांना दारातच अडवलं की पालकांनी बाहेर थांबायचंय. मास्तरांनी प्रवेशपत्र दाखवलं. बाकावर गुडघे मावत नव्हते. शेजारी बसलेल्या मुलीला हे टेबलावरचे मास्तर आहेत हे ओळखू आलं, आणि तीच त्यांच्यासाठी घाबरली. मास्तरांनी तीन तास मान वर केली नाही. ‘कारणे द्या’ असा एक प्रश्न होता, त्यांनी सविस्तर दिली.

निकाल लागला. दोन्ही पेपरांत पास. एकात बऱ्यापैकी, एकात काठावर. खिडकीवरच्या बाईंनी प्रमाणपत्राचं लांबट पाकीट सरकवलं, रजिस्टरवर सही घेतली, मनापासून अभिनंदन केलं, आणि पुढचा नंबर पुकारला, कारण मागे रांग होती. झेरॉक्सवाल्याने शाईच्या हाताने हात दाबला, चहा सांगितला, फुकटात लॅमिनेट करून देतो म्हणाला. तेवढ्यात कुणाचे तरी शंभर पानांचे झेरॉक्स आले आणि तो यंत्राकडे वळला. मास्तरांनी चहा संपवला. टेबलाशी दोन पोरं थांबली होती, त्यांना उद्या या म्हणून सांगितलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच चार वाजता घरी निघाले.

बसमध्ये पाकीट मांडीवर होतं. शेजारी कोणीतरी बसलं, उतरलं, दुसरं बसलं. मास्तरांना फार आनंद झाला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. कुणाला सांगायचं, याचा ते मनातल्या मनात हिशोब करत होते, आणि हिशोब पहिल्याच नावावर संपत होता. इमारतीत सांगायचं तर आधी हे सांगायचं की आजवर मी नव्हतो, आणि ते म्हणजे आईला सगळ्या दारांत जाऊन खोटं पाडणं. ते तर होणं नाही. त्यांना इतकं एकटं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी प्रमाणपत्र पलंगावर ठेवलं. वाचलं. पुन्हा वाचलं. कपाटात ठेवलं, काढलं. खोलीत इकडून तिकडे आठ पावलं होतात, ती बऱ्याच वेळा झाली. शेवटी त्यांना राहवेना. प्रमाणपत्र पाकिटात घातलं, चपला न घालताच जिना उतरून ते पहिल्या मजल्यावर गेले. काकू दाराशी खुर्ची टाकून भाजी निवडत बसल्या होत्या. ऐंशीला टेकल्या होत्या, पण कान शाबूत आणि आठवण तर त्याहून पक्की.

“काकू,” मास्तर म्हणाले, “मी पास झालो.”

काकूंनी मान वर केली. त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, आणि तोंडभर हसल्या.

“अरे वेड्या, ते तर कधीच झालास. तुझ्या आईने तेव्हाच सगळ्या इमारतीचं तोंड गोड केलं, माझ्याच दारापासून सुरुवात केली होती. आता आणि किती वेळा पास होशील?”

मास्तरही हसले. एकदाच हो काकू, ते म्हणाले. थोडा वेळ तिथेच उभे राहिले, मग पाकीट काखेत धरून वर गेले.